बिनमिरचीचा शनिवार

माघातल्या दुसऱ्या शनिवारी दुपारी, आमच्या मळ्यातल्या मारुतीपुढे बसलेल्या रोडग्यांच्या पंगतीतून एकवीस माणसं अर्ध्या जेवणावरून उठून गेली. कारण वांग्याच्या भाजीत टोमॅटो होता. भाजी माझ्या आईनं केली होती, टोमॅटो मी तोडून आणले होते, आणि ते भाजीत आहेत हे पंगतीत सांगणारीही मीच होते. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. एकवीस हा आकडा आईचा आहे. सगळे पांगल्यावर तिनं अर्धवट टाकलेल्या पत्रावळी मोजल्या होत्या.

आमचा मळा अमरावतीच्या परकोटाबाहेर होता आणि घर मळ्यातच. आमच्या गल्लीत सगळी माळ्यांची घरं. कुणी मेथी-पालक लावायचं, कुणी वांगी, कुणी शेवंती. आमच्याकडे वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि उन्हाळ्यात काकड्या. पहाटे जाग यायची ती मोटेच्या चाकाच्या कुरकुरीनं. बाबा बैलांना मागे सारताना एकच ओळ गुणगुणायचे, ती कधी पूर्ण होत नसे. मोट विहिरीत बुडाली की ओळ तुटायची. मग गावाच्या त्या टोकाला कापसाच्या जिनाचा भोंगा वाजे आणि आई चुलीवर तवा टाकी. ज्वारीची भाकर, रात्रीचं वरण आणि दगडी खलात ठेचलेली हिरवी मिरची. ठेचा नसेल तर बाबा जेवण झालं असं मानत नसत. पोट भरलेलं असलं तरी उठताना म्हणायचे, आज काही खाल्ल्यासारखं वाटलं नाही. पाहुणा आला तर त्याच्या ताटात आधी मीठ पडायचं, मग ठेचा, मग बाकीचं. मिरची हे आमच्या घरातलं सगळ्यात जुनं माणूस आहे, अशी माझी तेव्हा समजूत होती.

विहिरीजवळचा एक वाफा आईचा होता. म्हणजे जमीन बाबांचीच, पण त्या वाफ्यात काय लावायचं हे आई ठरवी. दोन वर्षांपूर्वी तिच्या भावानं, गणपतमामानं, अकोल्याहून कागदाच्या पुडीत टोमॅटोचं बी आणून दिलं होतं. मामा तिथल्या सरकारी शेतीत बियाण्यांच्या कोठीवर कामाला होता. टोमॅटोला आमच्याकडे भेदरं म्हणत. हे नाव कुठून आलं याचा मी पुढे बराच शोध घेतला, खात्रीलायक काही हाती लागलं नाही. भेदरे क्यांपातल्या साहेबांच्या बंगल्यांत जात. तिथले खानसामे मळ्यावर येऊन टोपलीभर घेऊन जायचे. गावातलं कुणी ते खात नसे. आईनं मात्र त्या हिवाळ्यात वरणात एक-दोन टाकून पाहिले होते. आम्हाला आवडले होते. बाबांनी विचारलं नाही आणि आईनं सांगितलं नाही.

पंगत नवसाची होती. माझा धाकटा भाऊ शंकर दिवाळीनंतर मुदतीच्या तापानं एकवीस दिवस निजून होता. आईनं मारुतीला रोडगे बोलले होते. वऱ्हाडात हा नवस अजून चालतो: कणकेचे मुठीएवढे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी, आणि सगळं उघड्यावर, देवापुढे. आमच्या गल्लीचा यात स्वतःचा एक नियम होता. पंगत सुरू झाल्यावर शेवटचा माणूस जेवेपर्यंत कुणी उठायचं नाही. कुणी मधेच उठलं तर नवस फिटला नाही असं धरत, आणि ज्याच्यासाठी तो बोललेला असे त्याच्यावर तो तसाच राही.

त्या सकाळी आईनं चिंचेचं मडकं उघडलं तर चिंचेत अळ्या होत्या. बाजारात जायला वेळ नव्हता, भाजी चुलीवर चढलेली होती. आईनं मला वाफ्याकडे पिटाळलं. मी आठ भेदरे आणले, तिनं ते चिरून भाजीत टाकले. लपवण्याचा तिचा हेतू नव्हता. घरात चालतं ते पंगतीत चालेल, एवढंच तिला वाटलं असावं. टोमॅटो शिजला तरी त्याचं साल विरघळत नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं आणि दोघींच्याही लक्षात आलं नाही.

बायांच्या ओळीत पहिल्या पानावर तुळसामाय बसली होती. ती कुणाची आजी नव्हती. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन वर्षं झाली होती. पण गल्लीत काय चालतं आणि काय चालत नाही हे तीच सांगायची आणि सांगितलेलं आधी स्वतः पाळायची, म्हणून लोक तिचं ऐकत. तिनं भाजीतून लाल रंगाची एक पातळ सुरळी बोटांनी उचलली आणि उजेडात धरली. मी वरणाचं भांडं घेऊन पुढेच होते.

"हे काय होय वं, पोट्टे?"

"भेदरं होय," मी म्हणाले. "आमच्या वाफ्यातलं."

मला वाटलं होतं, ती चांगलं लागलं म्हणून विचारते आहे. तुळसामायनं ती सुरळी पानाच्या कडेला ठेवली, हात धुतले आणि उठली. तिच्यामागे बाया उठल्या, मग पुरुषांच्या ओळीतले काही. कुणी आरडाओरडा केला नाही. जाताना ती आईजवळ थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "नवसाच्या पानावर मांसावानी वस्तू वाढली तू, जनाबाई. कोणाच्या पोरासाठी वाढली ते तरी पाहाचं होतं."

शंकर तेव्हा पारावर रोडगा खात बसला होता.

रात्रीपर्यंत गल्लीनं ठरवलं ते असं: पंगत पुढच्या शनिवारी पुन्हा बसवायची, तुळसामाय सांगेल तसा स्वयंपाक करायचा, आणि तोवर आमच्या टोपल्या गल्लीतल्या इतर टोपल्यांसोबत बाजारात बसणार नाहीत. बाबांनी यात एक कलम आपलं घातलं. ते आईला म्हणाले, "तो वाफा उपटून टाक." आई म्हणाली, झाडांवर अजून माल आहे. बाबांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं वाफ्याला पाणी सोडलं, आणि मला पोस्टकार्ड घेऊन बसवलं. मजकूर मला आठवतो, कारण मी लिहिलेली ती पहिली बातमी होती: मामा, लवकर ये. भेदऱ्यांवरून पंगत उठली. शंकर बरा आहे. माय रडत नाही, पण बोलतही नाही.

मामा बुधवारी आला. बडनेऱ्याला गाडी बदलून, खांद्यावर पडशी टाकून. भाकर खाल्ली, वाफा पाहिला, दोन झाडांना आधाराच्या काड्या बांधल्या आणि संध्याकाळी मला घेऊन तुळसामायच्या ओट्यावर गेला. तिथे आधीच पाच-सहा जण बसले होते. त्यात वामनकाका होता. शेवंतीवाला, सगळ्यांची चेष्टा करणारा.

मामानं सुरुवात कबुलीनं केली. बी त्यानंच दिलं, दोष त्याचा. तुळसामाय म्हणाली, कबूल केलं ते बरं केलं, आता उपटून टाका. मामा म्हणाला, टाकतो, पण का टाकायचं ते सांगून ठेवा, उद्या कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

"लाल हाये. चिरलं का मांसावानी दिसते."

"टरबूज चिरल्यावर कसं दिसते, तुळसामाय?"

तिचा नवरा नदीच्या वाळूत टरबुजाची वाडी लावायचा. ओट्यावरच्या प्रत्येकानं ती टरबुजं खाल्ली होती. ती म्हणाली, "टरबूज आपलं हाये. भेदरं साहेबाचं. सातासमुद्रापल्याडचं. देवापुढं ते चालत नाई."

टरबूज मूळचं आफ्रिकेतलं, हे त्या दिवशी मामालाही माहीत नव्हतं. मला ते चाळीस वर्षांनी कळलं.

"मंग असं धराचं का, लाल म्हणून नाई, समुद्रापल्याडचं म्हणून?" मामानं विचारलं.

"तसंच धर."

"तर मंग मिरची बी काढा लागते."

लोक हसले. मामा हसला नाही. त्यानं सांगितलं, की सरकारी शेतीच्या कोठीत प्रत्येक बियाण्याच्या डब्यावर त्याचं नाव असतं, आणि तिथले म्हातारे कारकून त्याला प्रत्येकाचं मूळ गाव सांगत. भेदरं ज्या मुलखातून आलं त्याच मुलखातून मिरची आली, भुईमूग आला, बटाटा आला. फिरंग्यांची जहाजं घेऊन आली. चारशे-साडेचारशे वर्षांमागे वऱ्हाडात एकाही घरी ठेचा नव्हता. तिखट करायचं तर मिरी होती.

"मंग लोक जगत कसे होते बे?" वामनकाकानं विचारलं.

मामाचं म्हणणं बरोबर होतं. पुढे वर्तमानपत्राच्या कचेरीत मी पुरवण्यांचं काम पाहत असे, तेव्हा हे सगळं तपासून घेतलं. मिरची, बटाटा, भुईमूग, मका, पेरू, पपई आणि काशीचं नाव लावून बसलेला काशीफळ भोपळा, ही सगळी अमेरिका खंडातली. सीताफळही बहुतेक तिथलंच. त्याबद्दल अभ्यासकांत अजून वाद आहेत. आणि एकादशीला धान्य वर्ज्य म्हणून आपण जे खातो, त्या ताटातला बटाटा, शेंगदाणा आणि मिरची एकाच बाजूनं आलेली. त्या काळातला साबुदाणा मलायाकडच्या ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातून निघून बोटीनं यायचा. शेतातला गहू त्या दिवशी चालत नाही. हे मी एकदा छापलं होतं. चार रागाची पत्रं आली, त्यांपैकी एकानंही माहिती चूक आहे असं म्हटलं नव्हतं.

तुळसामायला मात्र छापलेलं काही दाखवायची गरज पडली नाही. मामा बोलायचा थांबल्यावर ती बराच वेळ सुपातल्या ज्वारीतले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, की तिच्या सासूनं जन्मात बटाट्याला हात लावला नाही. साहेबाचं कंद म्हणायची. आता ती स्वतः दर एकादशीला तोच खाते, आणि हा फरक कधी पडला ते तिला आठवत नाही. पुढे ती म्हणाली, "मी पुरीले गेली होती. जगन्नाथाले. तिथल्या परसादात मिरची नव्हती."

तिनं सुपातला एक खडा ओट्याखाली टाकला.

"मी इचारलं होतं तिथं, काहून नाई म्हणून. तर म्हणे, देवाच्या सैपाकात ती पह्यलेपासून नाई. मिरीच हाये. मले वाटलं, तिकडचे लोक फिक्कं खातात." तिनं सूप खाली ठेवलं. "हा पोरगा खोटं नाई बोलून राहिला."

मामाला वाटलं, काम झालं. तो उठायला लागला. तेव्हा तुळसामाय म्हणाली, "तर मंग शनवारी मिरची नाई. शेंगदाण्याचा कूट नाई. सातासमुद्रापल्याडचं काईच नाई."

मामा पुन्हा खाली बसला. त्यानं समजवायचा प्रयत्न केला, की मिरची सोडा असं त्याचं म्हणणं नव्हतं, भेदरं घ्या असं होतं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ती गल्लीसमोर बोलली आहे, आणि बोललेलं एकासाठी एक अन् दुसऱ्यासाठी दुसरं करता येत नाही. वाफ्याचं काय ते पंगत झाल्यावर पाहू.

घरी आल्यावर बाबा मामाशी बोलले नाहीत, आईशी बोलले. "पह्यले एकवीस उठले. आता बिनमिरचीच्या भाजीवरून सगळेच उठतीन. तुह्या भावाले अक्कल कोणी देली?" मामा मान खाली घालून विडी ओढत होता. त्या रात्री घरातलं कुणी हे मोठ्यानं म्हणालं नाही, पण प्रत्येकाची नजर शंकरकडे जात होती. दुसऱ्यांदा पंगत मोडली तर तिसरी बसत नाही.

शनिवारी तुळसामाय सूर्य वर यायच्या आधी मळ्यात आली. पदर खोचून तिनं मिरी, सुंठ आणि जिरं आमच्या खलात घालून स्वतः कुटलं. त्या खलाला मिरचीचा वास होता म्हणून त्याआधी तो राखेनं दोनदा घासून घेतला. नवी चिंच तिनं सोबत आणली होती. वांगी आमचीच, तेल तिळाचं. मामानं निखारे तयार केले, बाबांनी कणीक मळली. मी फक्त पाणी भरत होते. कुणी काही विचारलं तर बोलायचं नाही अशी मला ताकीद होती. भाजीचा वास आला तेव्हा तो ओळखीचा नव्हता. वाईट नव्हता. औषधाच्या काढ्यात वांगी शिजत असल्यासारखा होता.

पंगत भरली. मागच्या वेळचे सगळे आले, शिवाय गंमत पाहायला म्हणून आणखी काही. तुळसामाय बसली नाही. ती पळी हातात घेऊन दोन ओळींच्या तोंडाशी उभी राहिली. लोकांनी रोडगे फोडले, तूप वाढलं गेलं, पहिला घास गेला. पुरुषांच्या ओळीत एकानं पान उचलून खाली पाहिलं. दुसऱ्यानं मीठ मागितलं, मग पुन्हा मागितलं. वामनकाका गुडघ्यावर हात ठेवून अर्धा उठला.

"वामन्या, कुठी निंगाला?" तुळसामायनं विचारलं.

"कुठी नाई, माय. मिरची शोधून राहिलो."

"तुह्या धोतरात नाई ठेवली मी. बस."

आधी बाया हसल्या, मग पुरुष. वामनकाका बसला. त्यानं भाजी बाजूला सारली आणि वरणात रोडगा कुस्करला. बाकीच्यांनी तेच केलं. तूप नेहमीच्या दुप्पट लागलं. मारुतीपुढे नारळ फुटला तेव्हा शेवटचा माणूस जेवून झालेला होता आणि कुणी उठलेलं नव्हतं. पत्रावळी गोळा करताना आईनं या वेळी मोजल्या नाहीत. भाजी जवळजवळ सगळ्याच पानांवर शिल्लक होती. बैलांनीही ती खाल्ली नाही.

सगळे गेल्यावर तुळसामाय जेवायला बसली. तिनं तीच भाजी वाढून घेतली, चार घास खाल्ले, पाचवा हातात धरून ठेवला. बाबा आणि मामा तिथेच गोवऱ्यांची राख ओढत होते, आई पाणी घेऊन उभी होती. तुळसामायनं माझ्याकडे पाहिलं.

"पोट्टे, घरात ठेचा हाये का?"

मी आईकडे पाहिलं. आईनं होकारार्थी मान हलवली. मी धावत जाऊन वाटी आणली. तुळसामायनं ठेचा भाजीत कालवला आणि खाली मान घालून सगळं पान संपवलं. हात धुवून झाल्यावर ती कुणाकडेच न पाहता बोलली.

"मिरचीले कोणीतरी पह्यल्या डाव बसू देलं असनच. तवा बी कोणी तुळसा असन, पानावरून उठलेली." मग आईला म्हणाली, "राहू दे तुहा वाफा. बाजारात टोपली माह्या बाजूले लाव."

बाबांनी राख ओढणं थांबवलं नाही. थोड्या वेळानं मात्र मामाच्या पुढे विडीचं बंडल सरकवलं.

मला त्या दिवसाबद्दल एक गोष्ट पुष्कळ उशिरा कळली. ज्या चिंचेच्या जागी आईनं टोमॅटो टाकला, जी तुळसामायनं आपलीच म्हणून घरून आणली, ती चिंचही आफ्रिकेतून आलेली आहे. अरबांनी तिला हिंदचा खजूर म्हटलं, कारण त्यांना ती इथूनच मिळाली. इतकी ती जुनी. मामा तोवर वारला होता, नाहीतर त्याला पोस्टकार्ड टाकलं असतं.

निघताना तुळसामाय वाफ्यापाशी थांबली. एक पिकलेलं भेदरं तोडलं, वास घेतला, पदराच्या टोकात बांधलं आणि गेली. ते तिनं कशाला नेलं हे कुणी विचारलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं मामा अकोल्याला परतला. आईनं त्याच्या पडशीत सहा रोडगे आणि ठेचा बांधून दिला.

रविवारी सकाळी मी शेण टाकायला गेले, तेव्हा तुळसामायच्या घरामागच्या उकिरड्यावर टोमॅटोचं साल पडलेलं होतं. शिजवण्याआधी सोललेलं, एका भेदऱ्याचं.